पंपावर कोण उभं होतं? आठवण, कागद आणि इंग्लिश खेड्यातलं एक गॅरेज

मौखिक इतिहासाचा विषय निघाला की विज्ञान शाखेतून आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आठवण हा पुरावा कसा काय? माणूस विसरतो, वाढवून सांगतो." मी स्वतः एम.एस्सी. करून या बाजूला आले, त्यामुळे प्रश्न मला रास्तच वाटतो. फक्त तो अर्धा आहे. आठवण कुठे चुकते हे विचारता, तसं कागद कुठे चुकतो हेही विचारा. आज त्यासाठी एकच उदाहरण घेऊ: इंग्लंडमधल्या खेड्यातला गॅरेजवाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९०४ मध्ये ब्रिटनमध्ये खाजगी मोटारी होत्या जेमतेम आठ हजारांच्या घरात. १९३० पर्यंत त्या दहा लाखांवर गेल्या. घोडे कमी झाले तसं नाल ठोकणाऱ्या लोहाराचं काम आटलं. पण भट्टी, ऐरण आणि लोखंडाची जाण त्याच्याकडे होतीच. तो आधी सायकली दुरुस्त करायला लागला, मग मोटारी. म्हणून कित्येक खेड्यांत जुन्या लोहारशाळेच्या जागीच गॅरेज दिसतं. पेट्रोल आधी दोन गॅलनच्या डब्यांतून विकलं जायचं, १९२० च्या दशकात हाताने चालवायचे पंप आले. घर गॅरेजला लागूनच. गिऱ्हाईक आलं की जेवणावरून कोणीतरी उठायचं.

आता समजा, अशा घरात १९३० मध्ये जन्मलेल्या आणि पुढे वडिलांचं गॅरेज चालवलेल्या माणसाची मुलाखत तुमच्या हातात आहे. (हा माणूस मी रचलेला आहे. कायदे आणि तारखा मात्र खऱ्या.) तो सांगतो, "युद्धात पेट्रोल लाल असायचं. लाल पेट्रोल खाजगी गाडीत सापडलं की मेलोच."

इथे थांबा. पेट्रोलचं रेशनिंग सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झालं आणि मे १९५० मध्ये संपलं. म्हणजे युद्ध संपल्यावरही पाच वर्षं ते चालूच होतं. व्यावसायिक वाहनांच्या पेट्रोलमध्ये लाल रंग मिसळायला लागले ते जून १९४८ पासून. खाजगी गाड्यांचं बंद केलेलं रेशन तेव्हाच पुन्हा सुरू झालं होतं, आणि शेतीच्या किंवा धंद्याच्या गाडीसाठी मिळालेलं पेट्रोल काळ्या बाजारातून खाजगी गाडीत जाऊ नये म्हणून ही युक्ती. पकडला गेलेला चालक वर्षभरासाठी लायसन्स गमवायचा, आणि विकणाराही सुटत नव्हता. तर आपल्या माणसाची तारीख साफ चुकली. त्याने १९४८ नेऊन युद्धात घातलं.

बरेच जण इथे मुलाखत बाजूला ठेवतात. ठेवू नका. इटलीतल्या तेर्नी या पोलाद-गावात अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना हेच दिसलं होतं. लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीने मेला, पण गावातले अनेक जण ती घटना १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळची म्हणून सांगत. पोर्तेल्लींनी विचारलं, चूक याच दिशेने का झाली? आपल्या गॅरेजवाल्याला तेच विचारून बघा. सरकारसाठी युद्ध १९४५ मध्ये संपलं. कूपनं मोजणाऱ्या घरासाठी ते १९५० पर्यंत संपलेलंच नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही यादृच्छिक त्रुटी नाही, एका बाजूला झुकलेली त्रुटी आहे. झुकाव कुठे आहे हे कळलं की त्यातूनही माहिती मिळते.

आता उलट बाजू. हाच माणूस तारीख विचारल्यावर गडबडतो, पण कामाचा दिवस विचारला की धडाधड सांगतो. वडील गाडीखाली. पंपावर आई. कूपनं कापून ठेवणारी आई, उधारीची वही आईकडे, फोन आला तर पिठाचे हात पुसत आईच घेणार. रविवारी कोणी दार वाजवलं तरी तीच.

कागद काय म्हणतो? इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्यामुळे १९२१ ते १९५१ या मधल्या काळात घरोघरची नोंद एकच उरते: २९ सप्टेंबर १९३९ ला ओळखपत्रांसाठी केलेलं नॅशनल रजिस्टर. त्यात घर सांभाळणाऱ्या बायकांसमोर ठरलेले शब्द यायचे, 'विनावेतन घरकाम'. आपल्या कुटुंबाची नोंद त्याच पद्धतीने झाली असेल तर नवऱ्यासमोर गॅरेजचा धंदा आणि बायकोसमोर हे दोन शब्द. पंप नाही, वही नाही, कूपनं नाहीत. फक्त या रजिस्टरवरून तुम्ही "खेड्यातली गॅरेजं एकट्या पुरुषाच्या श्रमावर चालत" असा निष्कर्ष काढला तर तुमचे आकडे अगदी नीट जुळतील, आणि तरी निष्कर्ष चुकेल. हे मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण लाल पेट्रोलची चूक कोणीही पकडेल, ही कोण पकडणार?

म्हणून प्रश्नावली बनवताना "कधी?" हा प्रश्न कमी ठेवा. पंपाची किल्ली कोणाकडे असायची, हिशेब कुठल्या टेबलावर व्हायचा, जेवणावरून कोण उठायचं, हे विचारा. तारखा तुम्ही नंतर कायद्यांतून लावू शकता. उदाहरणार्थ, 'आम्ही शेजाऱ्यांच्याच गाड्या नापास करायचो' असं कोणी म्हणालं तर ते १९६० नंतरचं, कारण दहा वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना ब्रेक, दिवे, स्टिअरिंगची सक्तीची तपासणी तेव्हा आली आणि अधिकृत गॅरेजांकडे ते काम गेलं. खेड्यात रोज तोंड दिसणाऱ्या माणसाची गाडी नापास करणं काय असतं, ते कायद्यात लिहिलेलं नाही. त्यासाठी परत त्या माणसाकडेच जावं लागतं.

एक व्यावहारिक अडचण सांगून ठेवते. १९३९ चं रजिस्टर २०१५ पासून ऑनलाइन बघता येतं, पण ज्यांचा मृत्यू नोंदला गेलेला नाही आणि जन्माला शंभर वर्षं झालेली नाहीत, त्यांची ओळ झाकलेली असते. म्हणजे आपला मुलाखत देणारा अजून हयात असेल तर त्या पानावर तुम्हाला त्याचे वडील दिसतील, 'विनावेतन घरकाम' करणारी आई दिसेल, आणि त्यांच्या खाली, नऊ वर्षांचा तो जिथे असायला हवा, तिथे एक काळी पट्टी.