नियम जुन्या रसायनाचे

छत्तीसगडी बोलीत मोहल्ल्याला पारा म्हणतात, आणि रायपूरच्या जुन्या शहरात ब्राह्मणपारा, बूढापारा, तात्यापारा ही नावे आजही रूढ आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजींनी १७५८ पासून रतनपूरहून चालवलेल्या कारभाराबरोबर मराठी कुटुंबे या प्रदेशात येऊ लागली, आणि १८१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी अॅग्न्यू याने मुख्यालय रायपूरला हलवल्यावर या शहराचे महत्त्व वाढत गेले. येथील दोन प्रसंग छायाचित्रकाराच्या साधनांची कसोटी पाहतात. एक म्हणजे गणेशविसर्जनाच्या वेळी रात्रभर चालणाऱ्या झांक्या, अर्थात चित्ररथ. दुसरा म्हणजे अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास भर उन्हाळ्यात होणारी लग्ने. पहिल्या प्रसंगी बॅटरीला रात्र काढावी लागते आणि दुसऱ्या प्रसंगी तिला उष्म्यात भरून घ्यावे लागते. बॅटरी कशी जपावी याविषयी जे संकेत अशा ठिकाणी पिढ्यानुपिढ्या सांगितले जातात, त्यांतील अनेक संकेत आता वापरात नसलेल्या रसायनांसाठी तयार झालेले आहेत, आणि नव्या बॅटऱ्यांचे नुकसान पुष्कळदा याच जुन्या सावधगिरीतून होते.

मुळात कॅमेऱ्याला विजेची गरज नव्हती. फिल्म पुढे सरकवणे आणि झडप उघडणे ही कामे बोट आणि स्प्रिंग करीत असत, आणि भारतातही तयार झालेला ‘अॅग्फा क्लिक थ्री’ बॅटरीवाचूनच घरोघरी पोचला. वीज आली ती प्रकाशासाठी. १८८७ मध्ये जर्मनीत प्रचारात आलेली मॅग्नेशियमची चमकभुकटी धूर आणि आगीचे भय घेऊन येई; १९२९ च्या सुमारास बाजारात आलेल्या काचेच्या फ्लॅशबल्बने ते भय बरेच कमी केले आणि होमाई व्यारावाला यांच्या पिढीतील वृत्तछायाचित्रकारांनी तेच बल्ब वापरले. बल्ब पेटवण्यास कोरडे सेल लागत. हे सेल पुन्हा भरण्यासाठी बनवलेलेच नसतात, तरी मंद झालेले सेल उन्हात ठेवण्याची रीत घराघरांत होती. उष्णतेने आतील क्रिया थोडा वेळ वेगावते, पण नवी वीज साठत नाही.

पुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्यांपैकी छायाचित्रकारांच्या सवयी घडवल्या त्या निकेल-कॅडमियम बॅटरीने, जिचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ मध्ये लावला. पुढे फ्लॅश आणि व्हिडिओ कॅमेरे तिच्यावर चालू लागले. तिचे साधे चार्जर क्षमतेच्या सुमारे एक दशांश इतका मंद प्रवाह देत, त्यामुळे ती भरण्यास १४ ते १६ तास लागत, आणि बॅटरी रात्रभर लावून ठेवण्याची सवय येथूनच रुजली. पुन्हा पुन्हा अर्धवट वापरून भरल्यास तिचा विद्युत दाब (व्होल्टेज) लवकर उतरू लागे. या दोषाला ‘मेमरी इफेक्ट’ असे नाव पडले, आणि बॅटरी पूर्ण रिकामी झाल्यावरच भरावी हा नियम त्यातून निघाला. त्या काळात हा नियम बऱ्याच अंशी योग्य होता, मात्र अनेक सेलांचा संच अगदी शून्यावर नेल्यास त्यातील दुबळा सेल उलटा भरला जाई, ही त्याची मर्यादा फारशी सांगितली गेली नाही.

१९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी लिथियम-आयन बॅटरीला व्यवहार्य रूप दिले, १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली, आणि तिच्या सुरुवातीच्या उपयोगांत हातात मावणारा व्हिडिओ कॅमेराही होता. या बॅटरीचे शास्त्र वेगळे आहे. तिला मेमरी इफेक्टची बाधा जवळजवळ नसते. उलट सेलचा दाब २.५ व्होल्टच्या बराच खाली गेल्यास आतील तांबे विरघळू लागते आणि पुढे ती भरताना आतच शॉर्टसर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून बॅटरीत संरक्षक मंडल बसवलेले असते, जे ठरावीक मर्यादेला पुरवठा तोडते. वरची मर्यादाही तितकीच काटेकोर आहे: सर्वसाधारण सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा असतो, आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीत बहुधा असे दोन सेल एकामागे एक जोडलेले असल्याने तिची मर्यादा ८.४ व्होल्ट येते. योग्य चार्जर प्रथम स्थिर प्रवाह देतो, मर्यादा गाठल्यावर दाब स्थिर ठेवतो आणि प्रवाह अगदी क्षीण झाला की थांबतो. जुन्या निकेल-कॅडमियम चार्जरला हे काम येत नाही, म्हणून बॅटरीशी जुळणाराच चार्जर वापरणे ही केवळ कंपनीच्या विक्रीची अट नाही, ती रसायनाची अट आहे. पूर्ण रिकामी करून भरण्याची शिस्त मात्र येथे बॅटरीचे आयुष्य कमीच करते.

रायपूरच्या हवामानाचा प्रश्न येथे येतो. लिथियम-आयन सेल भरण्यासाठी सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा मानतात, आणि मे महिन्यात शहराचे तापमान कधी कधी या वरच्या टोकाला भिडते. मंडपात, पत्र्याखाली किंवा उभ्या गाडीत ते त्याहून पुढे जाते. शूटिंग संपताच तापलेली बॅटरी चार्जरला लावण्याऐवजी ती सावलीत निवू द्यावी आणि मग भरावी, एवढ्याने पुष्कळ हानी टळते. फ्रीजमध्ये ठेवणे हा उपाय नव्हे, कारण बाहेर काढल्यावर दमट हवेतील पाणी तिच्यावर साचते.

काम नसलेल्या महिन्यांत बॅटरी पूर्ण भरून न ठेवता साधारण निम्मी भरून, कॅमेऱ्यातून काढून, थंड कोरड्या जागी ठेवावी, आणि अधूनमधून तपासावी. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू वा टोचू नये, पुन्हा चार्जरला लावू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.