मन सावरले ते कशाने?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले, ते लातूर जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. घरे पुन्हा बांधता आली. पण ज्यांची माणसे ढिगाऱ्याखाली गेली, त्यांची झोप परत कशी आणावी? दुःखिताला लगेच बोलते करावे, असे आपण म्हणतो. त्या काळी परदेशांतले कित्येक तज्ज्ञही तेच म्हणत. पण वर्षाने माणूस सावरला, तर श्रेय बोलण्याचे की गेलेल्या वर्षाचे?

प्रश्न प्रमाणाचा आहे. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. मनाच्या उपचारात फार काळ शब्दाचेच राज्य होते. गुरूने सांगितले, शिष्याने केले. १९५२ साली लंडनच्या हान्स आयसेंक यांनी विचारले, की असे रोगी उपचारावाचूनही दोन वर्षांत तिनांतले दोन सुधारतात, मग तुमचे कर्तृत्व कोणते? त्यांच्या आकड्यांवर आक्षेप आले, ते रास्तही होते. प्रश्न मात्र उरला.

अडचण अशी, की एकच माणूस उपचार घेतलेला आणि न घेतलेला, असा दोन्ही रूपांत दिसत नाही. आम्हा कामगार चळवळीतल्यांना हे दुखणे ठाऊक आहे. पगारवाढ मिळाली ती संपाने की बाजाराच्या तेजीने, यावर आमचे रात्र-रात्र वाद चालतात! वैद्यकात तोड निघाली ती चिठ्ठीची. उपचार कोणाला द्यायचा ते डॉक्टरने नव्हे, चिठ्ठीने ठरवायचे आणि मग दोन्ही गट ताडून पाहायचे. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधील चाचणी अशीच झाली. तिचा निकाल १९४८ साली प्रसिद्ध झाला.

बोलते करण्याच्या उपायाचीही अशी परीक्षा झाली. वेल्समधील भाजलेल्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल १९९७ साली आला. तेरा महिन्यांनंतर, ज्यांना बोलते केले त्यांच्यातले २६ टक्के आघातजन्य मनोविकाराने ग्रस्त होते. इतरांत हे प्रमाण ९ टक्के होते. बोलते केलेले रुग्ण मुळात जास्त भाजले होते, हे अभ्यासकांनीच नोंदवले आहे. तरी लाभाची खूण कुठेच नव्हती.

मग बोलणे व्यर्थ काय? गोव्यातील 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांकडून सरकारी आरोग्यकेंद्रांतील उदासीनतेच्या रोग्यांशी काही बैठकांत संवाद करविला. सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती घ्यायला लावली. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निकालात तीन महिन्यांनी ६४ टक्के रोगी सावरले होते. नेहमीच्याच उपचारावर राहिलेल्यांत ३९ टक्के. गोव्यातच २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आधीच्या एका चाचणीत मात्र सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही. तिथे ओळखीचा डॉक्टर आधीच रोग्याशी चार शब्द बोलत असावा, असे मला वाटते.