हैदराबाद कंटिंजंट : मोमिनाबादच्या छावणीपासून असल उत्तरच्या रणांगणापर्यंत

मांजरसुंब्याच्या चौकातून एक रस्ता नेकनूर, केजमार्गे अंबाजोगाईला जातो आणि दुसरा बीडवरून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या दोन्ही गावांत फौजेच्या छावण्या होत्या. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि तिथं घोडदळ राहायचं. तिकडे हिंगोलीलाही छावणी होती. या फौजेचं नाव होतं हैदराबाद कंटिंजंट. आज हे नाव आपल्या भागात फारसं कुणाला माहीत नाही. पण या फौजेच्या पलटणी आजही भारतीय सैन्यात आहेत, फक्त त्यांची नावं बदलली आहेत.

हे सांगायचं कारण असं, की दरवर्षी १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की शाळेत मुलं आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : आपल्या भागातले मुसलमान सैनिक म्हणजे रझाकारच होते का? मूल हा प्रश्न कुठंतरी ऐकून आलेलं असतं. त्याला उत्तर भावनेनं देऊन चालत नाही, माहितीनं द्यावं लागतं. ती माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख.

तीन वेगवेगळ्या गोष्टी

निजामाच्या राज्यातल्या तीन सशस्त्र दलांची आपल्याकडं कायम सरमिसळ होते.

पहिलं दल म्हणजे निजामाची स्वतःची फौज. पहिल्या महायुद्धात या फौजेचा रिसाला, हैदराबाद लान्सर्स, इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेला होता. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादचे रिसाले एकाच ब्रिगेडमध्ये होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहरावर घोडदळानं जो प्रसिद्ध हल्ला चढवला, तो जोधपूर आणि म्हैसूरच्या सवारांनी. मात्र दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे या तिन्ही संस्थानांच्या सैनिकांचे आहेत, त्यातला एक हैदराबादचा.

दुसरं दल हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाचा, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

तिसरे रझाकार. ही सरकारी फौज नव्हती. लातूरला वकिली करणारे कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालची ती स्वयंसेवक संघटना होती. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, ते झाकायचं काहीच कारण नाही. पण त्याच वेळी हेही सांगायला हवं, की हैदराबादचे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्लाह खान यांनी रझाकारांविरुद्ध उघडपणे लिहिलं आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याची किंमत जिवानं मोजली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी कंटिंजंटच्या पलटणी भारतीय सैन्यात जाऊन ४५ वर्षं झाली होती. म्हणजे रझाकारांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

कंटिंजंट कशी उभी राहिली

१८१३ मध्ये हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल यानं 'रसेल ब्रिगेड' उभी केली. पुढे घोडदळ आणि वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या पलटणी जोडल्या गेल्या. या फौजेचा पगार निजामाच्या तिजोरीतून जायचा. तो थकत गेला, कर्ज चढत गेलं. शेवटी १८५३ च्या तहानं खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला. १९०२ च्या कराराने तर वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं दिला गेला. म्हणजे अकोला, अमरावतीचा इतिहास ज्या कारणानं वेगळा वळला, ते कारण हीच फौज.

घोडदळात शिलेदारी पद्धत होती. सवार आपला घोडा स्वतः आणायचा, त्याबद्दल त्याला जादा पगार मिळायचा. ज्याचा घोडा दुसऱ्याचा तो बारगीर. हे दोन्ही शब्द मराठी माणसाला शिवाजी महाराजांच्या फौजेपासून ठाऊक आहेत. सवार, दफेदार, रिसालदार ही घोडदळातली पदं. सिपाही, नायक, हवालदार, जमादार, सुभेदार ही पायदळातली. मराठवाड्यात रिसालदार, जमादार, सुभेदार ही आडनावं अजूनही भेटतात. प्रत्येक आडनावामागं पलटणच असेल असं नाही, महसूल आणि पोलीस खात्यातही अशी पदं होती. पण चौकशी करायला ही चांगली सुरुवात आहे.

१८५७ मध्ये या फौजेची दोन रूपं दिसली. औरंगाबादच्या छावणीत घोडदळानं जूनमध्ये बंड केलं. ते मोडून काढण्यात आलं आणि कित्येकांना मृत्युदंड झाला. दुसरीकडे याच कंटिंजंटच्या इतर तुकड्या १८५८ मध्ये मध्य भारतात सर ह्यू रोजच्या सैन्यात इंग्रजांच्या बाजूनं लढल्या. इतिहास असा दोन्हीकडचा असतो. मुलांना शिकवताना एकच बाजू सांगून भागत नाही.

नावं कशी बदलली

१९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात सामील केल्या गेल्या. इथून पुढं नावांचा माग नीट ठेवावा लागतो.

घोडदळ : पहिल्या रिसाल्याचं नाव झालं '२० वी डेक्कन हॉर्स', दुसऱ्याचं '२९ वी लान्सर्स (डेक्कन हॉर्स)'. पहिल्या महायुद्धानंतर या दोन्ही एक झाल्या. आजची '९ हॉर्स' म्हणजेच डेक्कन हॉर्स ती हीच. आता तिच्याकडं घोडे नाहीत, रणगाडे आहेत.

पायदळ : पलटणींना ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यातून '१९ वी हैदराबाद रेजिमेंट' झाली. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झालं.

आता प्रश्न पडतो, दख्खनच्या पलटणीला हिमालयाचं नाव कसं मिळालं? इंग्रजांनी काही जातीजमाती 'लढाऊ' आणि बाकीच्या 'बिगर-लढाऊ' असं ठरवून टाकलं होतं. त्या धोरणात दख्खनमधली भरती कमी कमी होत गेली. महायुद्धाच्या काळात डेक्कन हॉर्समध्ये शीख आणि जाटांबरोबर दखनी मुसलमानांचे स्क्वॉड्रन होते. मराठा पलटणींतही मराठ्यांच्या बरोबरीनं दखनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. अशीच ११० वी मराठा पलटण १९१५-१६ मध्ये इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकली होती. हे लोक पुढच्या काळात पलटणींतून कमी केले गेले. आधी माणसं गेली, मग पलटणीचं नावही गेलं. आपल्या भागात शौर्य नव्हतं म्हणून हे झालं नाही, तर भरतीचं धोरण बदललं म्हणून झालं.

रणांगणावरची नोंद

१४ जुलै १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई. संध्याकाळी २० व्या डेक्कन हॉर्सनं ब्रिटिश ड्रॅगून सवारांबरोबर हाय वूड या जंगलाजवळ भाले घेऊन हल्ला केला. समोर मशीनगन होत्या. घोडदळाचा काळ संपत आला होता, तरी माणसं गेली. दुसऱ्या महायुद्धात हीच रेजिमेंट शेर्मन रणगाडे घेऊन बर्माच्या मोहिमेत उतरली.

३ नोव्हेंबर १९४७, काश्मीरमधलं बडगाम. हात प्लास्टरमध्ये असताना मेजर सोमनाथ शर्मा आपल्या कंपनीसह लढले आणि कामी आले. देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांचं. त्यांची पलटण ४ कुमाऊँ, म्हणजे जुनी ४/१९ हैदराबाद. याच पलटणीतून पुढे आलेले जनरल थिमय्या १९५३ मध्ये कोरियातल्या युद्धकैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाल्यावर सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख झाले.

आणि सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले होते. त्यांच्यासमोर जी फौज उभी होती, तिच्यात डेक्कन हॉर्स होती. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, अलिबागचे मराठी माणूस. त्यांना इथल्या पराक्रमाबद्दल महावीर चक्र मिळालं, पुढे ते लष्करप्रमुखही झाले. त्याच आघाडीवर ४ ग्रेनेडियर्सची पलटण होती. ग्रेनेडियर्सचं जुनं नाव 'बॉम्बे ग्रेनेडियर्स', म्हणजे मूळ मुंबई इलाख्याच्या फौजेतलं. तिच्यात गाझीपूरच्या धामूपूर गावचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद होते.

त्यांच्याकडं रणगाडा नव्हता, उघड्या जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. या तोफेचा गोळा सुटला की मागच्या बाजूनं ज्वाळा आणि धुरळा उठतो. जागा लगेच शत्रूला कळते. म्हणून गोळा मारायचा आणि तिथून लगेच निघायचं, हाच नियम. जीपला चिलखत नसतं, जवळ पडलेला एक गोळाही पुरेसा. अब्दुल हमीद यांनी उसाच्या आणि इतर पिकांच्या आडोशानं जागा बदलत एकामागून एक रणगाडे टिपले. १० सप्टेंबरला शेवटच्या वेळी त्यांनी आणि समोरच्या रणगाड्यानं एकमेकांना हेरलं, तेव्हा जागा बदलायला वेळच उरला नव्हता. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

मोमिनाबाद-औरंगाबादच्या रिसाल्यांची वारस रेजिमेंट, तिचा मराठी कमांडर आणि शेजारच्या पलटणीतला अब्दुल हमीद, हे सगळे एकाच मैदानात होते. मुलांच्या प्रश्नाला आम्ही हे उत्तर देतो.

आपल्या घरातला माग कसा काढावा

पणजोबा फौजेत होते असं घरात कुणी सांगत असेल, तर पुढील गोष्टी बघा.

पहिल्या महायुद्धाची पदकं पेटीत असतील तर ती घासूनपुसून चकचकीत करू नका. पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, पद, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. पलटणीचं नाव मिळालं की निम्मं काम झालं.

युद्धात मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. इंग्रजीत नावाची स्पेलिंग वेगळी असू शकते, त्यामुळं तीन-चार प्रकारे टाकून पाहा. इराकमधल्या बसरा स्मारकावर हिंदी शिपायांची नावं न कोरता पलटणीनुसार फक्त संख्या दिली गेली होती. अशा भेदभावाबद्दल आयोगानं २०२१ मध्ये माफी मागितली. म्हणून दगडावर नाव दिसलं नाही, तर माणूस नव्हताच असं समजू नका.

जुनी पेन्शनची कागदपत्रं, उर्दू किंवा मोडीतले कागद रद्दीत घालू नका. वाचणारा माणूस सापडतो. स्वातंत्र्यानंतरच्या सेवेबद्दल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करता येते.

आणि ज्यांची मुलं पहाटे उठून भरतीसाठी धावतात, त्या आई-वडिलांना एवढंच सांगायचं आहे. आज भरतीच्या मैदानावर जात किंवा मजहब बघून 'लढाऊ' कोण हे इंग्रजांसारखं ठरवणारा नियम अब्दुल हमीदांच्या वारसांना अडवायला उभा नाही. तिथं धावण्याची वेळ मोजली जाते, उंची-छाती मोजली जाते आणि लेखी परीक्षेचे गुण बघितले जातात. गणित आणि सामान्यज्ञान कच्चं राहिलं म्हणून पोरगं परत येऊ नये, तेवढी तयारी घरी आणि शाळेत आपण करून घेतली पाहिजे.