मुक्काम जांब, रात्रीचा चौथा प्रहर

दिवेलागण होऊन गेली आहे. सन १६१६, महिना फेब्रुवारी. तुम्ही जांब गावात एका धाब्याच्या घराच्या ओसरीवर कडबा अंथरून, घोंगडी ओढून आडवे झाला आहात. आज हा भाग जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात येतो. आज रात्री तो निजामशाहीत आहे. रानात शाळू उभा आहे, राखणीला गेलेल्यांच्या हाका अधूनमधून ऐकू येतात. तेल महाग, म्हणून गावात बहुतेक दिवे विझले आहेत. असा अंधार तुम्ही कधी पाहिलेला नाही. आपला हातही दिसत नाही.

गाव आडवं झालंय, पण झोपलेलं नाही. उत्तरेला रोशनगावापाशी निजामशाहीच्या मलिक अंबरची फौज मोगलांपुढे हरली, अशी बातमी आली आहे. अंबराचे काही मराठे सरदार आधीच मोगलांकडे गेले होते, हेही लोक दबक्या आवाजात बोलतात. त्यानं वसवलेली खडकी मोगल लवकरच उद्ध्वस्त करणार आहेत. तुम्हाला ते ठाऊक आहे. शेजारी कूस बदलणाऱ्या म्हाताऱ्याला नाही. त्याला एवढंच कळतं की घोड्यांच्या टापा कुठल्याही रात्री इकडे वळू शकतात.

पलीकडे ठोसरांचं घर आहे. सूर्याजीपंत गेले, मागे राणूबाई आणि दोन मुलगे. थोरले गंगाधर, धाकटा नारायण, अजून आठही पुरी न झालेला. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात हा मुलगा तासन् तास विचार करत बसायचा, असं परंपरा सांगते. पुढे लोक त्याला रामदास म्हणतील.

मध्यरात्र उलटते आणि मग, भीती असूनही, सगळे झोपतात. तुम्हीही. या झोपेबद्दल सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही, कारण तिथे तुम्हीच नसता. आपल्या जुन्या विचारानं या अवस्थेला सुषुप्ती म्हटलं आणि तिला फार मोठा मान दिला. बृहदारण्यक उपनिषद सांगतं की तिथे बाप बाप राहत नाही, चोर चोर राहत नाही. रोशनगावाच्या माळावर जखमी होऊन पडलेल्यांना आज रात्री डोळा लागला असेल, तर त्यांच्यातही मोगल कोण आणि निजामशाही कोण, हे उरलेलं नाही. झोप ही नुसती विश्रांती आहे असं मला कधीच वाटलं नाही. माणूस रोज काही घटका आपलं नाव, जात, वैर खाली ठेवतो, तेही न शिकता, न प्रयत्न करता. साधक जन्मभर ज्यासाठी धडपडतात त्याची चव नांगरणाऱ्यालाही रोज फुकट मिळते. फक्त ती घेताना तो जागा नसतो. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तिन्हींच्या पलीकडची जी चौथी स्थिती, तिला तुरीय म्हणायचं. मांडूक्य उपनिषदाचा सगळा रोख तिकडे आहे.

चौथा प्रहर लागतो. जात्याची घरघर सुरू होते, घराघरांतून ओव्या उठतात. तुम्हाला स्वप्न पडतंय आणि ते लांबतंय. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं ओसरीवरचा म्हातारा तुम्हाला सांगेल. ते खरं होतं की नाही, हा भाग वेगळा. पण पहाटेच्या झोपेत काहीतरी निराळं आहे हे त्यानं बरोबर हेरलं आहे. बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात तो झोपेचा टप्पा १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडला. ठळक स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात आणि रात्र सरत जाते तसा तो टप्पा लांबत जातो.

आता पुढे चला. ठोसरांचा नारायण बारा वर्षांचा होऊन बोहल्यावरून निघून जाईल, नाशिकजवळ टाकळीला तप करील आणि पुढे दासबोध सांगेल. अठराव्या दशकात त्यानं निद्रेवर एक अख्खा समास दिला आहे. त्यात जांभया आहेत, चुटक्या आहेत, घोरणं आहे, झोपेत बरळणं आहे. झोपलेल्या माणसांना इतक्या बारकाईनं न्याहाळणारा संत मला दुसरा माहीत नाही. सगळे निजलेले असताना जो जागा बसला, त्यालाच हे दिसलं असणार. आणि याच माणसानं ‘आनंदवनभुवनी’ या काव्यात रात्री पाहिलेल्या स्वप्नाविषयी सांगितलं. पाहिलं तसं घडत चाललंय, हा त्या काव्याचा सूर आहे.

तुम्हाला मात्र मी आणखी एका स्वप्नापाशी नेणार आहे, कारण स्वप्न कशासाठी असतं हे मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. सोळाशे चाळीसचं दशक, कोल्हापूर. संत बहिणाबाईनं अजून विशीही ओलांडलेली नाही. मूळची देवगावची, वेरूळच्या बाजूची, म्हणजे जांबसारखीच मराठवाड्यातली. नवरा वेदपाठी ब्राह्मण. कीर्तनाला जाते म्हणून तिला मारतो. जिवापाड लावलेलं वासरू मेलंय आणि ती शुद्ध हरपून पडली आहे. त्या ग्लानीत तिला तुकाराम दिसतात. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कानात मंत्र दिला. तिनं त्यांना कधीच पाहिलेलं नव्हतं, फक्त अभंग ऐकले होते.

दिवसाउजेडी हे होऊच शकलं नसतं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र गुरू करायचा, तोही नवऱ्याला न विचारता! तुकोबांनाही आपला गुरू असाच भेटला होता. माघ शुद्ध दशमीला बाबाजींनी स्वप्नात डोक्यावर हात ठेवला. जेवायला पावशेर तूप मागितलं, ते द्यायचं स्वप्नातच राहून गेलं, असं तुकोबा स्वतः सांगतात. नामदेवांनी विठ्ठलासह येऊन कविता करायला लावली, तीही स्वप्नातच. दिवसानं ज्यांना दार बंद केलं, त्यांना रात्रीनं अधिकार दिला. आणि या माणसांनी तो अधिकार सकाळी उठून वापरला. पैठणच्या एकनाथांनाही ज्ञानेश्वरांनी स्वप्नात सांगितलं की अजानवृक्षाची मुळी आपल्या गळ्याला लागली आहे. नाथ उठले आणि थेट आळंदीला गेले.

तुम्ही देहूत पोचता तेव्हा बहिणाबाई नवऱ्यासोबत आलेली आहे. नवराही आता बदलला आहे. देवळात तुकोबा उभे आहेत आणि स्वप्नात पाहिला तोच चेहरा तिला समोर दिसतो. हे तिनं पुढे आपल्या अभंगांत लिहून ठेवलं. तिथलाच मंबाजी गोसावी तिला शूद्राची शिष्यीण म्हणून बोल लावणार आहे, छळणार आहे. ती रोज कीर्तनाला येऊन बसते. थोड्याच दिवसांत ती स्वतः अभंग रचू लागेल.