विश्रांति कीं सोय?

कांहीं विषयांचा इतिहास बखरींत सांपडत नाहीं; तो न्हाणीघरांतील दोरीवर, इतर कपड्यांच्या आड वाळत असतो. स्त्रियांच्या मासिक धर्मांतील स्वच्छता हा असाच विषय होय. ‘कावळा शिवला’ एवढ्या दोन शब्दांखालीं आपण तो पिढ्यान्‌पिढ्या झांकून ठेविला. कोणा वाचकास तो अप्रशस्त वाटल्यास त्यानें लेख शेवटपर्यंत वाचून मग निर्णय द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.

१८७३ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथील डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलींनीं मुलांप्रमाणें अखंड अभ्यास केला तर शरीराची शक्ति मेंदूकडे वळते आणि त्यांच्या जननेंद्रियांची वाढ खुंटते, असें त्यांचें प्रतिपादन होतें. स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांस हें आयतेंच शस्त्र मिळालें. त्यास उत्तर दिलें तें एका स्त्रीनें. डॉक्टर मेरी पटनम जेकोबी यांनीं स्त्रियांकडे प्रश्नावली धाडिली. २६८ जणींचीं उत्तरें आलीं. शिवाय नाडीची गति यंत्रानें नोंदून त्यांनीं निबंध सिद्ध केला. १८७६ सालीं त्यास हार्वर्ड विद्यापीठाचें बॉइल्स्टन पारितोषिक मिळालें. ज्या स्त्रीचें पोषण यथास्थित आहे, तिला या दिवसांत सक्तीच्या विश्रांतीची गरज नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांतील पोषणाची अट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें प्रयोजन पुढें येईल.

विश्रांति नको, तर काय हवें? याचें उत्तर रणांगणावरून आलें. पहिल्या महायुद्धांत किंबर्ली-क्लार्क नांवाच्या अमेरिकन कंपनीनें लांकडाच्या लगद्यापासून ‘सेल्युकॉटन’ नामक पदार्थ तयार केला. तो कापसाहून पुष्कळ अधिक द्रव शोषून घेई व स्वस्तहि पडे. जखमांवर बांधण्यासाठीं आलेल्या या पट्ट्या रात्रंदिवस राबणाऱ्या परिचारिकांनीं स्वतःसाठीं वापरून पाहिल्या. युद्ध संपल्यावर त्याच पदार्थाच्या घड्या १९२० सालीं ‘कोटेक्स’ या नांवानें बाजारांत आल्या. म्हणजे या सुखसोयीचें मूळ कामकरी स्त्रियांच्या अनुभवांत आहे.

तथापि माल आला, तरी लाज गेली नाहीं. पुरुष दुकानदाराकडे तो मागावयाचा कसा? म्हणून खोकीं उघड्यावर ठेवावीं, शेजारीं पैशांची पेटी असावी, ग्राहक स्त्रीनें न बोलतां पैसे टाकून खोकें उचलावें, अशी युक्ति निघाली. पट्ट्याशिवाय वस्त्रास चिकटणारी घडी निघण्यास पुढें १९७० चा सुमार उजाडला.

आपल्याकडे ‘बाहेर बसणें’ हीच विश्रांति समजली जाई. घरकामांतून चार दिवस सुटका मिळे हें खरें; पण कोपऱ्यांतील घोंगडी आणि वेगळें भांडें यांस आराम म्हणणें धाडसाचें होय. जुनें सुती कापड स्वभावतः वाईट नव्हे. स्वच्छ धुवून कडक उन्हांत वाळविल्यास तें निर्दोष राहतें. परंतु लाजेमुळें त्यास ऊनच मिळत नसे. दोष कापडाचा नसून अंधाराचा होता. शरीरविषयक मौनावर रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून आघात केले, त्याबद्दल त्यांस खटले सोसावे लागले.

२०१८ सालीं सरकारनें सॅनिटरी नॅपकिनांवरील १२ टक्के कर रद्द केला, तेव्हां प्रश्न सुटला असें सुशिक्षितांस वाटलें. पुढच्याच वर्षीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची वार्ता गाजली व महाराष्ट्र शासनास चौकशी-समिती नेमावी लागली. पहांटे फडांत उतरावयाचें, डोक्यावर मोळी वाहावयाची, कोपीजवळ ना पुरेसें पाणी ना आडोसा, आणि एक दिवस चुकला कीं खाड्याचा दंड! अशा स्थितींत पाळीच नको, असें एखादीस वाटलें तर नवल काय?

जेकोबीबाईंची अट येथें आठवते. पोषण, पाणी, आडोसा आणि दंडाचें भय नसलेली घटकाभर उसंत, एवढें मिळालें तर स्त्री आपलें काम आपण ठरवील. क्लार्कसाहेबांनीं तिला शाळेबाहेर बसविलें, आम्हीं घराबाहेर बसविलें, फडानें तर तिला बसूंच दिलें नाहीं. तिला काय हवें, हें मात्र तिघांनींहि विचारिलें नाहीं. निदान आपल्या घरांत तरी हा प्रश्न आतां मोकळेपणानें विचारला जावा व ती दोरी उन्हांत बांधली जावी.