टाकीतील तेल आणि सीमेवरील जकात

1909 साली युरोपात दोन घटना एकापाठोपाठ घडल्या. 29 एप्रिलला इंग्लंडचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी पार्लमेंटपुढे अंदाजपत्रक मांडले आणि त्यात पेट्रोलवर गॅलनमागे 3 पेनी कर सुचविला. पुढे 25 जुलैला लुई ब्लेरियो हा फ्रेंच वैमानिक स्वतःच्या विमानात बसून कॅलेजवळून निघाला आणि खाडी ओलांडून सुमारे 37 मिनिटांत डोव्हरला उतरला. पेट्रोलवरील कर आणि परमुलखात शिरणारी पेट्रोलची टाकी यांची गाठ अशी एकाच वर्षी पडली. ती अजून सुटलेली नाही. तिची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, ज्याच्यापाशी स्वतःचे विमान आहे त्याच्या कराची काळजी आपण कशाला वाहावी? शंका रास्त आहे. परंतु कराच्या कायद्यात न्याय किती आणि सोय किती, हे पाहावयाचे असेल तर अशी कडेची उदाहरणेच उपयोगी पडतात.

भरलेला कर परत मागण्याची रीत विमानाहून फार जुनी आहे. इंग्लंडच्या 1660 च्या जकात कायद्यात अशी सवलत होती, की आयात केलेला माल पुन्हा परदेशी धाडला तर व्यापाऱ्याला निम्मी जकात परत मिळावी. इंग्रज व्यापाऱ्यास यासाठी 12 महिन्यांची मुदत असे, परदेशीयास 9 महिन्यांची. ॲडम स्मिथने 1776 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या परताव्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचे म्हणणे असे, की परतावा म्हणजे व्यापाऱ्याला दिलेले बक्षीस नव्हे. करामुळे व्यापाराची जी नैसर्गिक घडी मोडते ती तो पुन्हा बसवितो. पुढे 1778 मध्ये स्मिथ स्वतःच स्कॉटलंडच्या जकात खात्यात कमिशनर झाला.

या सर्व विचाराच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे: माल जेथे खपतो तेथे त्याचा कर द्यावा. तंबाखूच्या पिंपाला हे तत्त्व सहज लागू पडते. टाकीतील तेलाचे तसे नाही. ते विकावयाचे नसते, वाटेतच जळून जाते. दोन देशांच्या सीमेवर उडणाऱ्या विमानाने कोणत्या घोटाला कोणत्या राजाचा कर द्यावा?

7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात याला एक उत्तर मिळाले. करारावर सही करणाऱ्या राष्ट्रांत हिंदुस्थानही होता. त्याच्या 24 व्या कलमानुसार, सभासद राष्ट्राचे विमान दुसऱ्या सभासद राष्ट्रात उतरले, तर टाकीत आणलेल्या व परत जाताना टाकीतच राहिलेल्या इंधनावर जकात घेता येत नाही. मात्र हे कलम बरोबर आणलेल्या तेलापुरते आहे. उतरलेल्या गावी नव्याने भरलेल्या तेलाची मोकळीक राष्ट्रांनी पुढे आपसांतील करारांनी दिली, आणि ते करार मुख्यतः प्रवासी विमान कंपन्यांसाठी होते. स्वतःचे छोटे विमान चालविणाऱ्याची बाजू तेथे कोण मांडणार?

युरोपीय राष्ट्रसमूहाने 1992 च्या निर्देशात ही रीत लेखी केली आणि 2003 च्या निर्देशात ती कायम ठेवली. विमान वाहतुकीचे इंधन करमुक्त. परंतु 'खाजगी हौशी उड्डाण' त्यातून वगळलेले. 2003 च्या निर्देशाने विमानाच्या शिसेयुक्त पेट्रोलवर 1000 लिटरला किमान 421 युरो कर ठरविला. म्हणजे 100 लिटरची टाकी भरणारा हौशी वैमानिक निदान 42 युरो कर मोजतो. शेजारच्याच धावपट्टीवरून परदेशी निघालेले प्रवासी जेट विमान अनेक टन इंधन करावाचून भरते.

मग 'हौशी' कोणास म्हणावे? हा प्रश्न एका जर्मन कंपनीने न्यायालयात नेला. तिच्याकडे स्वतःचे विमान होते. कंपनीचे संचालक ते चालवीत गिऱ्हाइकांकडे व प्रदर्शनांना जात. 2004 मधील उड्डाणांसाठी भरलेला इंधनकर परत मिळावा असा अर्ज तिने न्युरेंबर्गच्या जकात कचेरीकडे केला. कचेरीने नकार दिला. प्रकरण चढत चढत लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. 1 डिसेंबर 2011 रोजी निकाल लागला: धंद्याच्या कामासाठी उडणे पुरेसे नाही, मोबदला घेऊन विमानसेवा देण्यासाठीच ते उड्डाण असले पाहिजे. कंपनी हरली. तिच्या संचालकांची उड्डाणे हौसेची नव्हती, हे खरे. पण सवलतीच्या कुंपणाबाहेरच ती राहिली.

इंग्लंडमध्ये मात्र जुनी वाट बुजली नाही. तेथील 1979 च्या खनिज तेल कायद्यातही निर्यात केलेल्या तेलावरील कराच्या परताव्याची तरतूद आली. 1993 च्या आरंभी युरोपीय सभासद राष्ट्रांमधील जकात नाके उठले होते. 2020 च्या अखेरीस इंग्लंड त्या व्यवस्थेतून बाहेर पडले, आणि ब्लेरियोने ओलांडलेली खाडी पुन्हा जकातीची सीमा झाली.

आमच्या मते या साऱ्या हकिकतीतून दोन निराळ्या गोष्टी दिसतात. परताव्यामागे तत्त्व आहे: एकाच मालावर दोन ठिकाणी कर पडू नये. माफीमागे त्या काळची गरज होती: बाल्यावस्थेतील विमान व्यवसायाला हात द्यावा. तत्त्व जुने होत नाही, गरज होते. 14 जुलै 2021 रोजी युरोपीय आयोगाने विमान इंधनाची माफी क्रमाने काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. पण करविषयक निर्णयाला तेथे सर्व राष्ट्रांचे एकमत लागते. बसने कामावर जाणारा मनुष्य तिकिटातून इंधनाचा कर देतो. आकाशातून जाणाऱ्याने तो का देऊ नये, याचे उत्तर 1944 साली सोपे होते. आज ते पुन्हा मागितले पाहिजे, आणि ते मागण्याचा अधिकार विमान नसलेल्या माणसालाही आहे.