ब्रेटन वुड्स येथील शिष्टाई

शिष्टाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कौरवसभेतील श्रीकृष्ण उभा राहतो. परंतु राष्ट्राराष्ट्रांमधील कायदे जेथे घडतात तेथील शिष्टाई निराळ्या जातीची असते. तेथे वक्तृत्वापेक्षा मसुद्याला महत्त्व असते आणि एका शब्दासाठी दिवसचे दिवस खर्ची पडतात. हे काम बहुधा सनदी नोकरांकडे येते. त्याचेच एक उदाहरण आम्ही येथे घेतले आहे.

१९४४ च्या जुलैमध्ये, १ पासून २२ तारखेपर्यंत, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांची घटना तेथे तयार झाली. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. शिष्टमंडळाचे नेते अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन आणि आर्थिक सल्लागार सर थिओडोर ग्रेगरी हे दोघे इंग्रज. त्यांच्यासमवेत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ हे होते. देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, आणि आय. सी. एस. परीक्षेत पहिले आलेले. अशा मिश्र मंडळाने एका सुरात बोलावे हीच पहिली कसोटी होती.

भारताचे गाऱ्हाणे साधे होते. युद्धासाठी ब्रिटनने येथून माल घेतला, पण त्याचे मोल लंडनमध्ये पौंडांत जमा ठेवले. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम १०० कोटी पौंडांच्या वर गेली. इकडे त्या मालाचे पैसे नोटा छापून चुकते झाले आणि महागाई भडकली. लंडनमधली ती शिल्लक म्हणजे येथल्या जनतेच्या पोटाला बसलेला चिमटाच होता. तिचा काही भाग तरी निधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, एवढेच मागणे होते. बँकेत दहा लाख डॉलर असावेत आणि टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात पैसा नसावा, अशी आमची गत झाली आहे, असे श्रॉफ यांनी सभेत सांगितले. इजिप्तने भारताची बाजू घेतली. अमेरिका आणि ब्रिटन यांनी विरोध केला आणि मागणी फेटाळली गेली.

मग हाती काय आले? पहिली गोष्ट, ब्रिटनच्या वतीने केन्स यांनी हे देणे सन्मानाने मिटवू, असे सर्वांसमक्ष सांगितले. ब्रिटनमध्ये या कर्जाला कात्री लावण्याची भाषा चालू असताना हा शब्द नोंदला जाणे लहान नव्हते. १९४७ आणि १९४८ सालच्या करारांनी फेडीचा मार्ग ठरला आणि मुद्दलाला कात्री लागली नाही. दुसरी गोष्ट, मागासलेल्या देशांचा स्पष्ट उल्लेख भारताला मिळाला नाही. परंतु निधीच्या पहिल्याच कलमात सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास हे उद्दिष्ट आले. तिसरी गोष्ट म्हणजे वाटा. भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. चीनला ५५ आणि फ्रान्सला ४५ कोटींचा. क्रमाने भारत सहावा, आणि कार्यकारी मंडळावर हक्काची जागा पहिल्या पाचांना. पुढे १२० कोटींचा वाटेकरी सोव्हिएट संघ निधीत आलाच नाही आणि ती जागा भारताकडे आली. हा दैवाचा भाग, असे कोणी म्हणेल. पण दैवाचे दान पदरात पडायला माणूस रांगेत पुढे उभा असावा लागतो.

ज्या प्रश्नासाठी शिष्टमंडळ गेले त्यावर ते हरले, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु मुख्य मागणी फेटाळल्यावरही ते रुसून उठले नाहीत. उरलेल्या कलमांसाठी भांडत राहिले. ज्याच्या पाठीशी स्वतंत्र सरकार नाही, त्याच्याजवळ आकड्यांची तयारी, भाषेची जाण आणि चिकाटी एवढीच शस्त्रे उरतात. आपल्या वतीने परदेशी बोलणी करून परतणाऱ्यांची भाषणे आपण आवडीने वाचतो. त्यांनी कोणते कलम बदलून आणले, हेही नागरिकांनी विचारले पाहिजे.